खाडीकाठचा जुना गाळा नव्याने उभा करताना

घाटावरून ठाण्यात किंवा नवी मुंबईत स्थायिक होऊन धंदा मांडणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा कोरा गाळा येत नाही. नौपाडा, चरई, जांभळी नाक्याकडचं जुनं दुकान येतं, नाहीतर वाशी-नेरूळकडच्या सिडकोच्या जुन्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा. सांगली, सोलापूर किंवा नागपूरकडे दुकान दुरुस्त केल्याचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. तिकडे बांधकामाला ऊन पोळतं. इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खाडीवरची खारी, दमट हवा लोखंड खात असते. पाणी वरच्या मजल्याच्या मोरीतून येतं, जमिनीतून चढतं, रस्त्यावरून आत शिरतं, भरतीच्या वेळी गटारातून उलटं येतं. म्हणून इथल्या गाळ्यात जवळजवळ अर्धा खर्च गिऱ्हाइकाला कधीच न दिसणाऱ्या कामावर होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. काउंटर, काच आणि बोर्ड आधी ठरवून उरलेल्या पैशांत स्लॅब बघू म्हणणाऱ्यांचं दुकान तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा उकललेलं दिसतं.

पुढचे हिशोब १० बाय २० फुटांचा, ११ फूट उंचीचा गाळा धरून केले आहेत. आपल्या मापाने ते कमी-जास्त करून घ्यावेत.

कागद आधी, हातोडा नंतर

प्लास्टर, फरशी, रंग, फॉल्स सीलिंग, आतलं लाकूडकाम यांना साधारणपणे बांधकाम परवानगी लागत नाही. भिंत पाडणं, दोन गाळे एक करणं, पोटमाळा टाकणं, दर्शनी बाजू पुढे ओढणं यांना लागते. ठाण्यात ती ठाणे महापालिका देते आणि बेलापूर ते दिघा या पट्ट्यात नवी मुंबई महापालिका. तुर्भे, महापे, रबाळे या टीटीसी म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीच नियोजन प्राधिकरण आहे, तिथे अर्ज त्यांच्याकडे जातो. सिडकोच्या जमिनी बहुतेक भाडेपट्ट्याच्या असतात, त्यामुळे गाळ्याचं हस्तांतर सिडकोच्या दप्तरी पूर्ण झालंय का आणि मंजूर वापर कोणता लिहिलाय हे हातोडा उचलण्याआधी पाहावं. सोसायटीचं ना हरकत पत्र लेखीच घ्यावं. त्यात कामाचे तास आणि राडारोडा कुठे साठवायचा तेही लिहून घ्यावं, कारण भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. त्या अहवालाची प्रत सेक्रेटरींकडून मागून घ्या. इमारत सी-१ वर्गात, म्हणजे अतिधोकादायक असेल, तर गाळ्यावर एक रुपयाही घालू नका. सी-२-अ म्हणजे इमारत रिकामी करून दुरुस्ती, सी-२-ब म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२ असेल तर सोसायटीची दुरुस्ती कधी सुरू होणार ते विचारा. नव्या फॉल्स सीलिंगवर वर्षभरात सोसायटीच्या कंत्राटदाराचे टेकू लागणार असतील, तर थांबणं बरं. पुनर्विकासाची चर्चा चालू असल्यास सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं वाचा. वाशीत आणि ठाण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत. तिथे तीन-चार वर्षांपुरतं, सुटं करून नेता येईल असंच काम करावं.

स्लॅब ठोकून ऐकणे

रिकाम्या गाळ्यात उंच घोडी लावून स्लॅब आणि बीम दर सहा इंचांवर हलक्या हातोडीने ठोकावेत. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द भागाभोवती खडूने रेघ मारत जायचं. सळयांच्या ओळीने गेलेली बारीक तडा आणि तिच्या कडेला तपकिरी डाग दिसला, तर आत गंज सुरू झाला असं समजावं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. तोच आतून काँक्रीट फोडून खाली पाडतो, आणि म्हणून वरून पुट्टी भरून तडा बुजवल्याने काहीच थांबत नाही.

एक स्वस्त चाचणी जरूर करावी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडायचं. गडद गुलाबी झालं तर काँक्रीटमधला अल्कधर्मी गुण शाबूत आहे आणि सळईला त्याचं संरक्षण आहे. रंग बदलला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण संपवला आहे. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिथली दुरुस्ती ठिगळावर भागत नाही. मात्र ही चाचणी मीठ दाखवत नाही. खाडीलगतच्या इमारतीत गुलाबी रंग येऊनही सळई गंजलेली सापडते, कारण क्लोराइड अल्कधर्मी काँक्रीटमध्येही लोखंड पोखरतं. शंका असेल तर इंजिनिअरकडून हाफ सेल चाचणी, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजणारी चाचणी करून घ्यावी. वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात.

आता दुरुस्ती. बीमला हात लावायचा असेल तर आधी दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू द्यायचे, साधारण तीन ते चार फुटांवर एक, आणि तेही इंजिनिअरने जागेवर येऊन सांगितल्यावर. खांब आणि बीम एकट्या गाळामालकाचे नसतात, सगळ्या इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. खांबात वायरिंगसाठी झिरी मारणं, बीम फोडून एसीचा पाइप नेणं हे कोणत्याही मिस्त्रीला करू देऊ नये.

खडूने आखलेल्या भागाच्या कडा ग्राइंडरने १० मिमी खोल चौकोनी कापून घ्याव्यात. कड निमुळती ठेवली तर तिथलं मॉर्टर पापडासारखं सुटतं. मग सुटलेलं काँक्रीट काढत सळईच्या मागेही २० ते २५ मिमी पोकळी होईपर्यंत जायचं. इथेच सगळे कंत्राटदार हात आखडता घेतात. खालची अर्धी सळई उघडी करून रंगवतात आणि वरची अर्धी जुन्या खारट काँक्रीटमध्येच राहते. सळईच्या लांबीतही गंज संपून स्वच्छ लोखंड लागल्यावर आणखी ५० ते १०० मिमी पुढे उघडायचं. वायर ब्रशने नाही, ग्राइंडरवरच्या वायर व्हीलने चकचकीत करायचं. सळईच्या जाडीचा २० टक्क्यांहून जास्त भाग गेला असेल तर शेजारी नवी सळई घालावी लागते, आणि तिची लांबी इंजिनिअर सांगेल तेवढीच.

स्वच्छ सळईला त्याच दिवशी गंजरोधक थर द्यायचा. रात्रभर उघडी ठेवली तर सकाळी केशरी झालेली असते, इतकी इथली हवा ओली. मग जुन्या काँक्रीटला नवा माल धरून ठेवणारा बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. एका वेळी १० ते १२ मिमी थर दाबून भरायचा, पहिला आवळला की दुसरा. खोली ५० मिमीच्या पुढे गेली तर मॉर्टर थापू नये, साचा लावून मायक्रो काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ काँक्रीट ओतावं. जागेवर मॉर्टर करायचं असेल तर सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला ५ ते १० लिटर पॉलिमर लागतं. नक्की किती ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि तेवढंच घालावं. नवख्याने तयार पोतीच घ्यावीत. ४० चौरस फूट भाग सरासरी २५ मिमी भरायचा तर सुमारे ९३ लिटर माल लागतो. २५ किलोच्या पोत्यातून १२-१३ लिटर निघतो, म्हणजे ७ ते ८ पोती.

दुरुस्त केलेलं ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेचं जुनं काँक्रीट दोन वर्षांत फुटतं, ही इथली नेहमीची तक्रार. कारण विद्युत-रासायनिक आहे. ठिगळातली सळई आता सुरक्षित झाली, पण तीच सळई पुढे मिठाच्या काँक्रीटमध्ये जाते, आणि गंजण्याचं काम ठिगळाच्या कडेला सरकतं. म्हणून एकेक डाग बुजवण्यापेक्षा बीम ते बीम पूर्ण पट्टा करावा आणि शेवटी सगळ्या स्लॅबला खालून हवेतला कार्बन डायऑक्साइड रोखणारा कोट द्यावा.

आणि हे सगळं वरच्या मजल्याची मोरी गळत असताना करू नये. आधी वर जाऊन बोलावं. तळमजल्यावरचा दुकानदार आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू यांचं गळतीवरून वाजलं की दोघांचंही नुकसान होतं. नहाणी ट्रॅप बंद करून मोरीत दोन इंच पाणी २४ तास साठवून दोघांनी मिळून पाहिलं, की गळती मोरीची की पाइपची ते वादाशिवाय ठरतं.

जमीन उचलायची, पण किती आणि कशावर

रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर चढतो, गाळा तिथेच राहतो. जुन्या ठाण्यात रस्त्यापेक्षा खाली गेलेली दुकानं ओळीने दिसतात. वंदना सिनेमाच्या परिसरात दर पावसाळ्यात पाणी साचतं, हे ठाणेकरांना सांगायला नको. नवी मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या आसपासच्या किंवा खालच्या जमिनीवर वसला आहे. म्हणूनच सिडकोने धारण तलाव बांधले. ओहोटीला त्यांचं पाणी खाडीत जातं, भरतीला झडपा मिटतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारातल्या पाण्याला जायला वाट राहत नाही.

शेजारच्या जुन्या दुकानदाराला २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, आणि गेल्या चार-पाच पावसाळ्यांत कुठवर आलं तेही. २००५ ची पातळी ही विजेचं बोर्ड आणि महागडा माल कुठे असावा यासाठी. दरवर्षीची पातळी फरशी कुठे असावी यासाठी. फरशी दरवर्षीच्या पाण्याच्या निदान सहा इंच वर हवी.

उचलण्याआधी एक गोष्ट पक्की करा: खाली माती आहे की तळघर? नव्या संकुलांत गाळ्याखाली पार्किंगचं तळघर असतं. नऊ इंच भराव, काँक्रीट आणि फरशी मिळून दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास वजन पडतं. दुकानाच्या स्लॅबवर माणसं आणि माल यांच्या चालत्या भारासाठी धरतात तेच मुळी चारशे किलो. म्हणजे माल ठेवायच्या आधीच स्लॅबची ताकद संपली. तिथे भराव चालत नाही. एएसी म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचे हलके ब्लॉक किंवा लोखंडी सांगाड्यावरची फरशी, तीही इंजिनिअरच्या सहीने.

खाली जमीन असेल तर जुनी फरशी आणि कोबा काढून टाका. नऊ इंच उचलायचं असेल तर चार इंच मुरूम किंवा कडक भराव, तीन इंच काँक्रीट, दोन इंच मसाला आणि टाइल. भराव ठोकून चार इंच व्हायला सैल माल सुमारे ८५ घनफूट, म्हणजे ब्रासला थोडा कमी लागतो. पाणी मारून दोन थरांत धुमसाने ठोकावा. राडारोड्याचे मोठे तुकडे, लाकूड, जुन्या गोण्या त्यात टाकू देऊ नका. लाकूड सडलं की फरशी बसते आणि वाळवीला घर मिळतं.

भरावावर बारीक रेतीचा हात फिरवून २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद पसरा. जोडावर आठ इंच एकावर एक, टेपने बंद, आणि भिंतीलगत फरशीच्या पातळीपर्यंत वर चढवलेला. जमिनीतली ओल अडवणारा सगळ्यात स्वस्त थर हाच आणि सर्वाधिक वगळला जाणाराही हाच. त्यावर १:२:४ काँक्रीट. २०० चौरस फुटांना तीन इंच म्हणजे ५० घनफूट: सिमेंट ९ गोणी, वाळू २२ घनफूट, खडी ४४ घनफूट. सात दिवस पाणी साठवून ठेवा, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा.

शटरची मोकळी उंची नऊ इंच कमी होणार हे आधी मोजा. आठ फुटांचं तोंड सव्वासात फुटांचं होतं, आणि वरचं शटरचं खोकं धरून आणखी कमी. पायऱ्या गाळ्याच्या हद्दीत, आतल्या बाजूला काढाव्यात. फुटपाथवर काढलेला रॅम्प अतिक्रमण ठरतो आणि पालिकेची गाडी आली की पहिला तोच तुटतो. व्हीलचेअरसाठी आत उतार द्यायचा तर १:१२, म्हणजे नऊ इंचांना नऊ फूट लांबी लागते. २० फुटांच्या गाळ्यात ती अवघड आहे. मजबूत, उचलता येणारी फळी तयार ठेवणं हा व्यवहार्य मार्ग.

दारात अॅल्युमिनिअमच्या खाचेत बसणारी, खाली रबर लावलेली दीड फुटी फळी पुढून येणारं पाणी अडवते. पण मागच्या संडासाच्या नहाणीतून पाणी वर आलं तर तीच फळी पाणी आत कोंडून ठेवते. म्हणून बाहेर चेंबरमध्ये जाणाऱ्या पाइपवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, झाकण उघडून साफ करता येईल अशा जागी. त्यात केस किंवा प्लास्टिक अडकलं की पाकळी मिटत नाही. मेअखेर एकदा उघडून धुवायची.

लोणा

जमिनीतली ओल विटांमधून केशाकर्षणाने वर चढते आणि सोबत मीठ आणते. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक मागे राहतात आणि वाढता वाढता प्लास्टर ढकलून पाडतात. हाच लोणा. त्यावर ऑइल पेंट किंवा टाइल लावली तर ओलीला बाहेर पडायची वाट मिटते आणि ती टाइलच्या वर, आणखी उंच दिसू लागते.

लोणा दिसतो त्याच्या दीड फूट वरपर्यंत प्लास्टर खरवडून काढा. विटांच्या सांध्यांतला मसाला १५ ते २० मिमी खोल कोरा. मीठ कोरड्या ब्रशने झाडून बाहेर न्या. आधी पाणी मारलं तर मीठ विरघळून परत विटेत जातं. भिंत तीन-चार आठवडे उघडी, वाऱ्यावर ठेवा. घाई असलेल्यांना हे सगळ्यात कठीण जातं, पण ओल्या भिंतीवरचं प्लास्टर टिकल्याचं उदाहरण नाही. मग फरशीच्या सहा इंच वर दर चार-साडेचार इंचांना १२ मिमीची भोकं पाडून त्यात सिलेनचं क्रीम भरतात. नऊ इंची भिंतीत भोक पलीकडून दीड इंच उरेपर्यंत खोल. क्रीम विटेत पसरून पाणी चढायची वाट बंद करतं. नव्या फरशीच्या पातळीप्रमाणे ही ओळ आखायची, जुन्या नाही.

प्लास्टर १:४ चं, गोणीमागे २०० मिली वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून. तीन भिंती मिळून ५५० चौरस फूट, जाडी १५ मिमी धरली तर सिमेंट सहा ते सात गोणी आणि वाळू ३०-३२ घनफूट. जिप्सम प्लास्टर आणि पीओपी खालच्या चार फुटांत अजिबात नको, ओल लागली की त्याचा भुगा होतो. वाळू घेताना खाडीची रेती कुणी स्वस्तात देऊ केली तर परत पाठवा. त्यातलं मीठ धुऊन पूर्ण जात नाही आणि ते घालणं म्हणजे नवा लोणा विकत घेणं. प्लास्टरसाठी धुतलेली बारीक क्रश सँड चांगली. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून तीन तास ठेवा. वरचा गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर तो माल नाकारा.

रंग लावण्याआधी दीड फूट चौरस प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक रात्र ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून थांबायचं.

प्लास्टर आणि फरशीच्या मधल्या काळात वाळवीचं काम उरकून घ्यावं. भिंत आणि फरशीच्या सांध्यात दर एक फुटाला १२ मिमीचं भोक, त्यात इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्क्यांचं औषध लिटरभर पाण्यात २.१ मिली या प्रमाणात, भोकाला जास्तीत जास्त एक लिटर. आधी सांगितलेल्या प्लास्टिक कागदाला भोकं पडतील म्हणून मधल्या भागाची फवारणी कागद पसरण्याआधी भरावावरच करायची. संडासाच्या कोपऱ्यांना वाटा (भिंत-फरशीच्या सांध्यातली गोलाई), फरशीला १:८० उतार, आणि टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी साठवून पाहणं.

वीज

दीड टनाचे दोन एसी मिळून साडेतीन किलोवॅट, फ्रिज अर्धा, दिवे-पंखे अर्धा, संगणक आणि सॉकेट एक: साडेपाच किलोवॅट सहज होतात. जुन्या गाळ्याच्या महावितरणच्या बिलावर मंजूर भार बहुधा याच्या कितीतरी खाली असतो. भार वाढवायचा अर्ज काम सुरू करतानाच करावा, परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो.

मीटरपासून गाळ्यापर्यंत १० चौरस मिमीची तांब्याची केबल टाका. ६ ची चालते, पण लांबी आणि उष्णता पाहता १० बरी. आत दिव्यांना १.५, सॉकेटना २.५, प्रत्येक एसीला स्वतंत्र ४ चौरस मिमी. वायर आग रोखणाऱ्या आवरणाची, पाइप पीव्हीसीचे. लोखंडी पाइप इथे आतून गंजून वायरचं आवरण कापतात. विजेच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच हवाच, पण एकच बसवून भागत नाही. बाहेरचा नावाचा बोर्ड आणि शटरबाहेरचे दिवे यांच्यासाठी वेगळा आरसीसीबी लावा. नाहीतर पहिल्या पावसात बोर्डात पाणी गेलं की सगळं दुकान अंधारात जातं, आणि वैतागून कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. माणूस मरतो तो तिथे.

विजेची फळी २००५ च्या पाण्याच्या खुणेच्या वर, सॉकेट फरशीपासून चार फुटांवर. फरशीखालून वायर नेऊ नये. अर्थिंगला जीआय पाइप खाऱ्या जमिनीत लवकर खंगतो, त्यापेक्षा तांब्याचा मुलामा असलेला तीन मीटरचा रॉड घ्यावा आणि त्याची क्लॅम्प दर दिवाळीला उघडून घासावी.

दर्शनी बाजू

शटर गंजतं ते खालच्या पट्टीपासून आणि बाजूच्या खाचांपासून, कारण पाणी आणि माती तिथेच बसते. पत्रा जस्ताचा, खालची पट्टी स्टेनलेस, खाचेच्या तळाशी पाणी बाहेर पडायला भोक. १० बाय १० फुटांपर्यंतचं शटर हाताने ओढता येतं, त्याहून मोठ्याला गिअर किंवा मोटर बसवावी, आणि मोटरला हाताने उघडायची साखळी हवीच, कारण पाणी शिरण्याच्या दिवशीच वीज जाते. छज्ज्याखालच्या वरच्या दीड फुटात जाळीच्या पट्ट्या घ्या. पूर्ण बंद शटरमागे हवा कोंडते आणि गणपतीच्या सुट्टीत चार दिवस दुकान बंद राहिलं की चामडं, वह्या आणि कापडाच्या घड्या बुरशी धरतात.

दरवाजाची १२ मिमी टफन्ड काच चौरस मीटरला ३० किलो भरते. तीन बाय सात फुटांचं दार जवळपास ५८ किलोचं होतं, तेवढ्या वजनाचं फिटिंग लागतं. टफन्ड काच नंतर कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही, त्यामुळे मापं फरशी पूर्ण झाल्यावरच द्यायची. दार आपोआप मिटवणारा, फरशीत पुरलेला फ्लोअर स्प्रिंग रस्त्यालगतच्या गाळ्यात टाळावा. त्याच्या डबीत पाणी साचून तो आतून गंजतो. वर-खाली पिव्हट आणि वरचा डोअर क्लोजर टिकतो. खाडी जवळ असेल तर बाहेरचे स्क्रू आणि कड्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या घ्या, ३०४ वर तपकिरी ठिपके येतात.

एसीचा बाहेरचा भाग नाल्याच्या बाजूला लावू नका. तिथल्या सल्फरच्या वायूंनी तांब्याची नळीही काळी पडून टिचते आणि गॅस जातो. कोटिंग असलेली कॉइल घ्यावी आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावी. आत रॅकसाठी आयएस ७१० चं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लायवुड. आयएस ३०३ चं एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं प्लाय खालच्या फुटात फुगतं. भिंतीपासून एक इंच जागा सोडून, खाली चार इंची स्टेनलेसचे पाय. ज्यांचा माल जड आणि खालीच ठेवायचा आहे त्यांनी लाकडाच्या भानगडीतच पडू नये.

बोर्डावर दुकानाचं नाव देवनागरीत, मराठीत हवं, आणि इतर लिपीतली अक्षरं त्यापेक्षा मोठी नसावीत. हा नियम आता दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू आहे. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असले तर नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, ती उद्घाटनाच्या गडबडीत राहून जाते. बोर्डाची वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर वळवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळातून गळतं आणि भोकात जात नाही.

वेळ आणि पैसे

दिवाळीनंतर हातोडा, संक्रांतीपर्यंत स्लॅब, होळीपर्यंत प्लास्टर आणि फरशी, पाडव्यापर्यंत भिंती वाळू द्यायच्या, मग रंग, लाकूड, काच. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन होतं आणि पावसाआधी महिनाभर मिळतो. मार्चमध्ये काम सुरू करून मेअखेर संपवायला निघालेल्यांची भिंत वाळवायचीच वेळ कापली जाते. राडारोडा पालिकेने सांगितलेल्या जागी, पावती घेऊन टाकावा. खाडीत किंवा कांदळवनात टाकणारा टेम्पो पकडला गेला तर चौकशी गाळ्यापर्यंत येते.

कंत्राटदाराला पैसे टप्प्याने द्यावेत: सळया उघड्या करून स्वच्छ झाल्यावर, मॉर्टर भरल्यावर, फरशीखालचं काँक्रीट झाल्यावर. प्रत्येक टप्प्याचे फोटो, विशेषतः झाकल्या जाणाऱ्या कामाचे, तारखेसह ठेवावेत. एकूण रकमेतले ५ ते १० टक्के पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचं करारातच लिहावं. जुलैच्या मोठ्या भरतीच्या पावसात स्लॅब आणि बीमचा सांधा, मागच्या भिंतीचा खालचा फूटभर भाग, नहाणीचा व्हॉल्व्ह, बोर्डाच्या वायरचं भोक आणि शटरच्या खाचा कंत्राटदाराला सोबत घेऊन बघाव्यात. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा एकदा स्लॅब हातोडीने ठोकून पाहावा, आणि सगळं कोरडं आणि खणखणीत असेल तर राखलेली रक्कम त्याच आठवड्यात देऊन टाकावी.